संशयाचे मानकरी

माणसाचं वय जिना चढताना कळतं आणि गाडीचं वय घाट चढताना. सपाटीवर दोघंही तरुणच असतात. माणसाला निदान दुसऱ्या मजल्याच्या वळणावर थांबून कुणाच्या तरी दारावरची पाटी वाचल्याचा बहाणा करता येतो. गाडीला तीही सोय नाही. ती भर घाटात, मागच्या सगळ्या वाहनांच्या देखत धापा टाकते. मग एक प्रश्न उभा राहतो. वरवर पाहता तो मेकॅनिकच्या गॅरेजातला वाटतो, पण खरा आहे तो चित्रगुप्ताच्या कचेरीतला: दोष कुणाचा?

आमची गाडी सतरा वर्षांची. डिझेलची, टर्बोवाली. पंधरा वर्षं भरली तेव्हा आर.टी.ओ.त नेऊन, ग्रीन टॅक्स भरून, तिचं आयुष्य रीतसर पाच वर्षांनी वाढवून घेतलेलं आहे. (माणसांच्या बाबतीत हे काम कुठल्या खिडकीवर होतं, याची चौकशी चालू आहे.) कंपनीचं नाव सांगत नाही. लग्न आणि गाडी या दोन बाबतींत सतरा वर्षांनंतर कंपनीकडे तक्रार करू नये, असा संकेत आहे.

'टर्बो' हा शब्द गाडीच्या पाठीवर लिहिलेला असतो, त्यामुळे तो सगळ्यांना ठाऊक असतो. तो करतो काय, हे मात्र फार थोड्यांना. मी कॉमर्सचा पदवीधर. मला यंत्र समजतं ते जमाखर्चाच्या भाषेत. आपण टाकीत डिझेल भरतो ती जमा. त्यातला ढोबळ मानानं एक तृतीयांश भाग चाकांच्या कामी येतो, एक तृतीयांश इंजिन थंड ठेवण्यात जातो आणि उरलेला एक तृतीयांश गरम धुराबरोबर नळकांड्यातून बाहेर पडतो. बँकेच्या भाषेत, ही बुडीत खाती. आल्फ्रेड ब्यूखी नावाच्या स्विस इंजिनिअरनं १९०५ साली एक पेटंट घेतलं, त्याचं सार असं, की या बुडीत खात्यातूनही वसुली करता येते. बाहेर पडणाऱ्या धुराच्या वाटेत एक पात्यांचं चाक बसवायचं. धुराच्या जोरानं ते फिरतं. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरं चाक. ते बाहेरची हवा खेचून इंजिनात दाबून भरतं. हवा जास्त, म्हणून डिझेल जास्त जळतं, म्हणून ताकद जास्त. आजच्या गाड्यांतला हा दांडा मिनिटाला एक लाखाहून जास्त फेरे घेतो, आणि तेही तेलाच्या पातळ थरावर तरंगत.

घाटाशी तर त्याचं नातं जुनंच आहे. उंचावर हवा विरळ होते आणि इंजिनाला धाप लागते. सॅनफर्ड मॉस या अमेरिकन इंजिनिअरनं १९१८ साली विमानाचं एक 'लिबर्टी' इंजिन ट्रकवर लादून कोलोरॅडोतल्या पाइक्स पीक या चौदा हजार फुटी डोंगरावर नेलं. खाली सपाटीवर त्याची ताकद ३५० अश्वशक्ती. वर ती भरली २३०. टर्बो जोडल्यावर ३५६. म्हणजे डोंगराच्या माथ्यावर ते इंजिन पायथ्यापेक्षा सहा घोडे जास्त तरुण झालं. असं टॉनिक आपल्याकडे फक्त जाहिरातीत मिळतं.

तर असा हा टर्बो आमच्या गाडीतून गेला. निदान तसं सगळ्यांनी सांगितलं.

झालं असं, की वाई सोडून आम्ही पसरणी घाटाला लागलो. चौथ्यावरून तिसरा, तिसऱ्यावरून दुसरा. पाय पार जमिनीला टेकला तरी गाडीचं आपलं ज्ञानेश्वरांच्या पालखीबरोबर निघाल्यासारखं चाललेलं. समोर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागला. मागून एक लाल एस.टी. आली, तिनं आमची कीव केली आणि ती पुढे निघून गेली. सौ. म्हणाली, "अहो, मी उतरून थोडी चालू का? तेवढंच वजन कमी." या वाक्यात किती सहानुभूती आणि किती टोमणा, याचा हिशेब मी पाचगणीपर्यंत करत होतो. वेळ भरपूर होता.

पुण्याला परत आल्यावर सल्ल्यांना सुरुवात झाली. तळमजल्यावरचे काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी गॅलरीतूनच निकाल दिला, "टर्बो गेला." मेहुण्यानं नागपूरहून फोनवर, गाडी न बघता, न ऐकता सांगितलं, "भाऊजी, टर्बो गेला." सोसायटीचा वॉचमन गेटमधून गाडी आत येताना नुसता मान हलवून म्हणाला, "टर्बो." बॉनेट यांपैकी एकानंही उघडलं नव्हतं. शेवटी एका मोठ्या, काचेच्या गॅरेजात गेलो. तिथं टाय लावलेल्या एका मुलानं स्कॅनर लावला, पडद्यावर एक क्रमांक उमटला आणि त्यानं मराठी मालिकेतल्या डॉक्टरसारखा चेहरा करून सांगितलं, "सर, टर्बो असेंब्ली बदलावी लागेल. बासष्ट हजार. टॅक्स वेगळा."

आता त्या पडद्यावर लिहिलं काय होतं? एवढंच, की मागितला त्यापेक्षा हवेचा दाब कमी पडतोय. म्हणजे ती फिर्याद होती. तिच्यात आरोपीचं नावच नव्हतं. आमच्या बँकेत संध्याकाळी मशीन 'कॅशमध्ये फरक' असं दाखवतं, तेव्हा ते फक्त फरक दाखवतं. तो कुणाचा, हे माणसांनी शोधायचं असतं. पण फिर्यादीलाच निकाल समजण्याची आपल्याला इतकी सवय आहे, की मध्ये तपास नावाचा एक उद्योग असतो, हे लक्षातच राहत नाही.

माझ्या मनात आलं, सगळ्यांचं बोट एकजात टर्बोकडेच का? मला तीन कारणं दिसली. पहिलं, त्याचं नाव सगळ्यांना माहीत आहे. बॉनेटखाली पन्नास वस्तू असतील, पण त्यांतल्या एकोणपन्नास निनावी. ज्याचं नाव ठाऊक, त्याच्यावर आळ घेणं सोपं. दुसरं, तो महाग आहे, आणि मोठ्या दुःखाला कारणही मोठंच हवं असं आपल्याला वाटतं. तिसरं कारण जरा नाजूक आहे. मोठ्या खर्चाला एक प्रतिष्ठा असते. ऑफिसात डबा खाताना "टर्बो गेला हो, बासष्ट हजार!" असं म्हणण्यात एक रुबाब आहे. "नळी फुटली, साडेचारशे" म्हणालं तर समोरचा माणूस लोणच्याची फोडसुद्धा पुढे करत नाही.

या प्रकाराची एक जुनी गोष्ट आहे. १९६२ साली अमेरिकेत ओल्ड्समोबिल कंपनीनं 'जेटफायर' नावाची गाडी काढली. टर्बो बसवून बाजारात आलेल्या अगदी पहिल्या मोटारींपैकी ही एक. टर्बोच्या दाबानं इंजिनात ठोके पडू नयेत, म्हणून तिच्यात शुद्ध पाणी आणि मिथेनॉल यांचं एक मिश्रण थोडं थोडं सोडलं जाई. त्याची वेगळी टाकी होती. ती संपली, की गाडी स्वतःच टर्बोचा दाब आवरून धरी आणि बेताबेतानं चाले. आता पेट्रोल भरणारा माणूस दुसरी टाकी कशाला बघतोय? पुष्कळांच्या टाक्या रिकाम्याच राहिल्या. गाडीत दम नाही, अशी तक्रार झाली. दोन वर्षांत ते मॉडेल बंद पडलं आणि पुढे कंपनीनं पुष्कळ गाड्यांतले टर्बो काढून तिथं साधे कार्ब्युरेटर बसवून दिले. म्हणजे रिकामी राहिली टाकी आणि नोकरी गेली टर्बोची.

आमची गाडी या प्रसंगातून वाचली ती एका बोळातल्या मिस्त्रींमुळे. साठी उलटलेला माणूस, गॅरेज म्हणजे पत्र्याची शेड, बाहेर एक चिंचेचं झाड. मी जाताच सांगितलं, "मिस्त्री, टर्बो गेलाय म्हणतात." ते हात पुसत म्हणाले, "म्हणणाऱ्यांना म्हणू द्या साहेब. टर्बोला शेवटी विचारू."

पुढचा तासभर मी जे पाहिलं, तसा तपास मी कोर्टातल्या बातम्यांतही वाचलेला नाही. त्यांनी आधी पुतण्याला स्कॅनर लावायला सांगितला. किल्ली फिरवली, पण इंजिन बंदच ठेवलं. दाब मोजणारा सेन्सर काय सांगतो ते पाहिलं. आकडा आला पंचाण्णव किलोपास्कल. मी म्हटलं, "इंजिन बंद असताना दाब कसला मोजता?" ते म्हणाले, "इंजिन बंद म्हणजे बाहेर जी हवा, तीच आत. मुंबईला समुद्राकाठी शंभर-एकशे एक येईल, पुण्याला पंचाण्णवच्या आसपास. याचं उत्तर आपल्याला आधीच माहीत आहे. साक्षीदार शुद्धीवर आहे का, ते बघतो." फिर्याद सांगणाऱ्याला प्रथम असा एक प्रश्न विचारायचा, ज्याचं उत्तर आपल्याला ठाऊक आहे. किती साधी गोष्ट! आपल्याकडे निम्मी भांडणं या एका प्रश्नावाचून होतात.

साक्षीदार खरा निघाला. मग एअर फिल्टर काढून उजेडात धरला. तो ठीक. मग टर्बोकडून इंटरकूलरकडे आणि तिथून इंजिनाकडे जाणारे जाड रबरी पाइप. त्यांची तोंडं बंद करून पंक्चरवाल्याकडची थोडी हवा भरली आणि वरून साबणाचं पाणी लावलं, सायकलची ट्यूब तपासतात तसं. पाइपाला चीर असली किंवा क्लिप ढिली असली तर बुडबुडे येतात. आले नाहीत. मग टर्बोच्या तोंडाशी दोन बोटं घालून दांडा हलवून पाहिला. तो किंचित वर-खाली हलला. मी लगेच म्हटलं, "हलतोय!" मिस्त्री म्हणाले, "तेवढा हलायचाच. तेलावर तरंगतो तो, तेलाला जागा नको? आत-बाहेर हलायला लागला, नाहीतर पाती घरावर घासायला लागली, तर काळजी. एवढ्याशा हलण्यावर लोक टर्बो भंगारात घालतात." चांगल्या माणसातही थोडा खेळ असतो, आणि तेवढ्यावरून त्याला चळलेला ठरवणारे लोक मी पाहिले आहेत.

मग मुख्य परीक्षा. आमच्या टर्बोच्या आत, चाकाभोवती, उघडमीट करणाऱ्या छोट्या पट्ट्या आहेत. त्या हलवायला बाहेर एक सळी असते आणि सळीला ओढणारी एक चपटी डबी. ही डबी चालते व्हॅक्यूमवर, आणि तो व्हॅक्यूम तिच्यापर्यंत येतो पेन्सिलीपेक्षा बारीक अशा एका रबरी नळीतून. मिस्त्रींनी ती नळी काढली आणि डबीला हातपंप लावला. दोनदा दाबताच सळी झोकात वर सरकली आणि तिथंच थांबून राहिली. मग इंजिन चालू करून काढलेल्या नळीच्या तोंडाला बोट लावलं. ओढ नाही. ते हसले आणि एवढंच म्हणाले, "टर्बो तयार आहे साहेब. त्याला कुणी सांगतच नाहीये."

नळीचा माग काढत ते मागे गेले. इंजिनाच्या कडेला एका वळणाशी, खालच्या अंगाला, जिथं हात जातो पण डोळा जात नाही अशा ठिकाणी, सतरा वर्षांच्या उष्णतेनं तडकलेली नखाएवढी चीर होती. एक फूट नवी नळी, दोन क्लिपा आणि एक तासाची मजुरी मिळून साडेचारशे रुपये झाले. टर्बोची निर्दोष सुटका झाली.

इथपर्यंतची गोष्ट गाडीची. पण मला त्या शेडमध्ये बसल्या बसल्या आठवली ती आमच्या एका जुन्या हेडकॅशियरांनी सांगितलेली हकीकत. शाखा दुसरी, गाव दुसरं, माझ्या नोकरीच्या बऱ्याच आधीची. एका संध्याकाळी कॅश नऊ हजारांनी कमी भरली. त्या काळी नऊ हजार म्हणजे कित्येक महिन्यांचा पगार. काउंटरवर कॅशियर होता, केबिनमध्ये मॅनेजर होते, खातेवह्यांवर चार जण होते. पण सगळ्यांच्या नजरा वळल्या त्या रोजंदारीवरच्या शिपायाकडे. तो दुपारी चहा द्यायला कॅशच्या पिंजऱ्यात गेला होता. पिंजऱ्यात दिवसभर बसलेल्यावर संशय नाही. दोन मिनिटं चहा ठेवायला गेलेल्यावर संशय. त्याला खिसे उलटे करायला लावले. त्याची पिशवी पाहिली. शेवटी त्याचा जेवणाचा डबा उघडला. त्यात अर्धी भाकरी आणि लसणीची चटणी निघाली.

एवढ्यात हे हेडकॅशियर बाहेरचं काम आटोपून आले. त्यांनी विचारलं, "किती कमी?"

"नऊ हजार."

"नवानं भाग जातो. पैसे भरल्याच्या स्लिपा काढा."

बुककीपिंग शिकलेल्यांना हे ठाऊक असतं. लिहिताना शेजारशेजारचे दोन आकडे उलटसुलट झाले, तर येणाऱ्या फरकाला नवानं नेमका भाग जातो. भाग गेला म्हणजे गुन्हा सिद्ध झाला असं नाही, पण आधी कुठं बघावं हे कळतं. वीस मिनिटांत सापडलं. एका व्यापाऱ्यानं भरलेले १२,००० रोकडवहीत २१,००० म्हणून चढले होते. पैसे कुठं गेलेच नव्हते; आलेच नव्हते. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. मॅनेजर म्हणाले, "चला, चहा घेऊ या." आणि सगळ्यांनी सुटकेचा चहा घेतला. चहा त्या शिपायानंच केला.

मला गंमत वाटते ती याची, की यंत्र बिघडलं तर आपण सगळ्यांत मोठ्यावर संशय घेतो आणि माणसांत काही बिघडलं तर सगळ्यांत लहानावर. वाटा उलट्या, पण कारण एकच: सोय. टर्बोवर आळ घेतला, तर गॅरेजवाल्याची सोय होते. शिपायावर घेतला, तर बाकी सगळ्यांची. संशय हा पाण्यासारखा उताराकडे धावतो. पैशाचा उतार एकीकडे असतो आणि माणसांच्या पायरीचा दुसरीकडे, एवढंच.

यावर एखादा वकिली डोक्याचा वाचक म्हणेल, "अहो, पण तुमचे मिस्त्री तरी काय करत होते? त्यांनीही आधी फिल्टर, पाइप, नळ्या असे लहानसहानच तपासले. टर्बोला शेवटी विचारलं. मग शिपायाचा डबा आधी उघडला, त्यात काय बिघडलं? दोघांचीही सुरुवात खालूनच!" या शंकेनं मलाही दोन रात्री छळलं. (पहिल्या रात्री डासही होते.)

मला सुचलेलं उत्तर असं. तपास करणं हे फुकटचं काम नाही. त्याला खर्च येतो. प्रश्न इतकाच, की तो खर्च कुणाच्या नावे टाकायचा? नळी तपासली तर नळीचं काही जात नाही. तिला शेजारी नाहीत, संध्याकाळी घरी जाऊन बायकोला तोंड दाखवायचं नाही. तिथं खर्च असतो तो नुसता मजुरीचा. म्हणून जिथं मजुरी कमी, तिथून सुरुवात करायची. डबा उघडला की खर्च पडतो माणसाच्या अब्रूवर. म्हणून माणसांच्या कारभारात सुरुवात करायची ती कागदांपासून. स्लिपांना अब्रू नसते. शंभर स्लिपा उलटसुलट करून पाहा, एकीच्याही डोळ्यांत पाणी येत नाही. मिस्त्री आणि हेडकॅशियर यांचा नियम खरं म्हणजे एकच होता: जिथं विचारल्यानं कमीत कमी दुखेल, तिथं आधी विचारायचं. कोण मोठा, कोण लहान, कोण महाग, कोण स्वस्त, हा त्यातला प्रश्नच नव्हे.

आणि हा नियम पाळायला फार मोठा साधुपणा लागत नाही. घरात कपाटातली अंगठी जागेवर दिसली नाही, तर कामाच्या बाईंना हाक मारण्याआधी गादी उचलून पाहायची. गादीला राग येत नाही. मुलाचे मार्क कमी आले, तर त्याला बोलावण्याआधी बेरीज करून पाहायची. बेरीज रुसत नाही. नवानं भाग जातो का, हे पाहायला दोन मिनिटं लागतात. अडचण वेळेची नसतेच. दोन मिनिटं कुणावरच संशय न घेता, नुसता फरक समोर ठेवून बसायचं, हे आपल्याला जमत नाही. बँकेत अशा फरकासाठी सस्पेन्स अकाउंट असतं. कारण सापडेपर्यंत रक्कम तिथं ठेवायची, कुणाच्या नावावर टाकायची नाही. असं एक खातं प्रत्येकानं मनात उघडून ठेवावं. व्याज मिळत नाही, पण पुढचं नुकसान टळतं.

गाडी आता घाट चढते. एस.टी.ला मागे टाकते असं म्हणणार नाही, पण तिच्या कंडक्टरची नजर चुकवावी लागत नाही. तळमजल्याच्या काकांना मी सगळी हकीकत सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाले, "साडेचारशेत? छे! तात्पुरतं चाललंय. टर्बो जाणार बघा." एकदा ज्याच्यावर आळ आला, तो निर्दोष सुटला तरी काकांच्या दप्तरी त्याची फाइल बंद होत नाही. त्या शिपायाच्या शाखेतही असे एक-दोन काका असणारच. पिंजऱ्यात चहा ठेवायला तो पुढे जेव्हा जेव्हा गेला असेल, तेव्हा कुणी ना कुणी वहीतून डोळे वर उचलले असतील, आणि ते त्याला दिसलेही असतील.

टर्बोचं त्या मानानं बरं आहे. आपल्यावर संशय घेतला होता, हे त्याला कधी कळतच नाही.